चौथ्या गेममधला आवाज

“‘दिनांक अकरा ते तेरा फेब्रुवारी या काळात मी पुणे येथे येऊन वरील गेमसाठी माझ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण केले आहे,’” अण्णांनी मोठ्यानं वाचलं आणि ते थांबले. “केलंय मी?”

मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

अण्णा हेर्लेकर कोणताही कागद मोठ्यानं वाचायचे. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, औषधाच्या खोक्यावरची सूचना असो. पंचेचाळीस वर्षं नाटकात काम केलेला माणूस. छापलेलं काही हातात आलं की त्यांचा आवाज आपोआप लागायचा. ही सवय मला चांगली ठाऊक होती. पण पुण्याहून सांगलीपर्यंतच्या पाच-साडेपाच तासांत ती एकदाही आठवली नाही. माझे साहेब पराग सबनीस म्हणाले होते, “चार कागद एकावर एक ठेव. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारल्यात. म्हातारा माणूस आहे, कुठं वाचत बसतोय.”

“कागदाचं नंतर बघू, अण्णा,” मी म्हणाले. “आधी गेम खेळून बघता का? बाजारात यायला अजून नऊ दिवस आहेत. बाहेरच्या माणसांत तुम्हीच पहिले.”

कागद तिथंच दिवाणावर पडला. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटले.

“आण, आण. इंदू, अगं चहा जरा थांबव, चौथा आलाय!” त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली आणि चष्मा पुसायला घेतला.

‘दुर्गपाल’ हा सिनेमा आला तेव्हा मी पुण्यात एका लहानशा गेम कंपनीत नुकतीच लागले होते. काम आवाजाचं. सिनेमात सूर्या नावाचा एक तरुण एका पडक्या गडाची राखण करायला येतो आणि तिथला म्हातारा चौकीदार खंडेराव त्याला गड शिकवतो. खंडेरावाचं काम अण्णांनी केलं होतं. सिनेमा तुफान चालला. त्यावर गेम करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि गेममधल्या खंडेरावालाही अण्णांचाच आवाज घ्यायचा असं ठरलं.

तो पहिला गेम आम्ही सहाजणांनी दोन वर्षं खपून केला. ओल्या दगडावर अनवाणी पाय कसा वाजतो ते टिपायला मी ऐन श्रावणात पन्हाळ्यावर चार दिवस राहिले होते. अण्णा अकरा दिवस पुण्यात राहिले. प्रत्येक वाक्यापूर्वी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, “सूर्या माझ्यापासून किती हातांवर उभा आहे?” लांब असेल तर ते माइकपासून चार पावलं मागं जायचे. “वर ये” हे दोन शब्द त्यांनी एका दुपारी चौदा वेळा म्हटले होते. दमलेल्या पोराला म्हटलेलं ‘वर ये’ वेगळं आणि आळशी पोराला म्हटलेलं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. गडावरच्या टाक्याशी सूर्या बसला की खंडेराव त्याला गोष्टी सांगतो, त्यातल्या तीन तर अण्णांनी तिथंच रचलेल्या होत्या. खेळणारी पोरं लढाया सोडून टाक्याशी बसून राहतात, असं लोक आम्हाला कळवायचे. पत्रं यायची. मी ऐकायला काय शिकले असेन ते त्या अकरा दिवसांत.

आणि अण्णा गेम खेळायला शिकले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! घरी टीव्हीला खोकं जोडून घेतलं आणि पहिला ‘दुर्गपाल’ त्यांनी तीनदा पुरा केला. इंदूकाकू सांगायच्या, “नातवंडं आली की भांडण ठरलेलं. आजोबा पाळी सोडत नाहीत.”

दुसरा सिनेमा आला तेव्हा गेमला एक वर्ष मिळालं. अण्णांना चार दिवस. टाकं होतं, पण त्याच्याशी बसता येत नव्हतं. तिसऱ्याला आठ महिने मिळाले, अण्णांना एक दिवस. तो गेम खेळून झाल्यावर त्यांनी मला फोन केला होता. “आश्लेषा, हा तर पहिलाच गड आहे की गं. नुसता पिवळा रंग मारलाय. पायऱ्यासुद्धा मोजल्या मी. तेवढ्याच आहेत.” मी हसून वेळ मारून नेली होती. पायऱ्या खरंच तेवढ्याच होत्या.

आता चौथा. मी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला, गेमचा रिमोट त्यांच्या हातात दिला. “मी एक चांगला भाग लावून देते,” असं म्हणून माझ्या मनात ठरलेला बाजारातला प्रसंग काढू लागले. त्यात खंडेराव फक्त दोनदा बोलतो.

“छे छे. सुरुवातीपासून,” अण्णा म्हणाले. “नाटक काय कुणी दुसऱ्या अंकापासून बघतं?”

ते खेळू लागले आणि मी शेजारी वेताच्या खुर्चीत बसले. सूर्याचे पाय घोट्यापर्यंत दगडात बुडत होते. अण्णा म्हणाले, “चिखल आहे का?” मी म्हणाले, “थोडं काम राहिलंय.” एक दरवाजा उघडला तर पलीकडे नुसतं आभाळ. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि ते दुसऱ्या वाटेनं गेले. हाताची बोटं मात्र सराईत होती. पंधरा-वीस मिनिटांत ते अशा ठिकाणी पोचले, जिथं पोचायला आमच्या ऑफिसातल्या पोरांना तास लागायचा. खंडेराव चौकीत खाटेवर पडलेला आहे, सूर्या आत येतो, असा तो प्रसंग.

मी म्हणाले, “अण्णा, इथं जरा थांबू या का? चहा—”

“थांब गं.”

खंडेराव पडद्यावर मान वळवून म्हणाला, “सूर्या. आता या गडाचा. मालक. तू. मी चाललो.”

अण्णांनी रिमोट खाली ठेवला. मग परत उचलला. मागं जाऊन तोच प्रसंग पुन्हा लावला. “आता या गडाचा. मालक. तू. मी चाललो.” तिसऱ्यांदा लावला. त्यांचे ओठ पडद्याबरोबर हलत होते.

“मरतोय ना हा?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग ‘चाललो’ असं काय म्हणतोय? बाजाराला निघाल्यासारखं.”

कारण मला माहीत होतं. तो शब्द पहिल्या गेममधला होता. तिथं खंडेराव म्हणतो, “तू बैस राखण करत, मी भाकरी खायला चाललो,” आणि अण्णांनी तो शब्द हसत, जागेवरून उठता उठता म्हटला होता. ‘मालक’ दुसऱ्या गेममधल्या एका भांडणातला होता. ‘तू’ कुठला होता ते आता सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे अण्णांचे तीनशेच्या वर ‘तू’ होते.

चौथ्या गेमला आम्हाला साडेचार महिने मिळाले होते. सिनेमाची तारीख ठरली होती आणि गेम त्याच दिवशी यायला हवा होता. चौथ्या सिनेमात खंडेराव नव्हताच, पण गेम म्हटलं की लोकांना खंडेरावाचा आवाज हवा असायचा. पराग म्हणाले, “अण्णांना बोलावलं की आठवडा जातो. शिवाय प्रत्येक वाक्याला वाद. आपल्याकडे त्यांचे सगळे शब्द आहेत की! जुन्या करारात लिहिलंय, ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं. तुला जमेल ना जोडायला?”

मी जमेल म्हणाले. दोनशे नव्वद वाक्यं मी जुन्या शब्दांतून जोडली. पहिले दोन-तीन दिवस कसंतरी वाटलं. नंतर, खरं सांगायचं तर, त्यात मला मजा यायला लागली. एका वाक्यातला ‘गड’ आणि दुसऱ्यातला ‘सोडू नकोस’ असे बेमालूम जुळले की मी शेजारच्यांना बोलावून ऐकवायची. सगळीच वाक्यं जुळली नाहीत. जी जुळली नाहीत तीही गेममध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात ऐकायला वेळ कुणाला होता?

आणि मग सिनेमावाल्यांच्या वकिलांनी ऐनवेळी प्रत्येक कलाकाराचं पत्र मागितलं. या गेमसाठी मी स्वतः आवाज दिला आहे, असं. म्हणून मी सांगलीत आले होते.

“आश्लेषा,” अण्णा म्हणाले. माझं नाव सगळं ऑफिस ‘आशू’वर भागवायचं, अण्णा मात्र त्यातलं प्रत्येक अक्षर उच्चारायचे. “हे मी म्हटलंय?”

खोलीत पंखा फिरत होता. आत काकू काहीतरी परतत होत्या, मोहरीचा वास येत होता. “नाही अण्णा, तुम्ही नाही म्हटलं, मी जोडलंय.” एवढंच बोलायचं होतं. त्यांनी आरडाओरडा केला नसता. फार तर म्हणाले असते, मग सही नाही करत. मी हात हलवत पुण्याला गेले असते, परागनी तोंड वाकडं केलं असतं. एवढंच.

“हो अण्णा,” मी म्हणाले.

“कधी?”

“फेब्रुवारीत. डोळे दाखवायला आला होतात ना पुण्याला? तेव्हाच.”

ते डोळे दाखवायला आले होते हे मला ठाऊक होतं, कारण त्यांनी तेव्हा फोन केला होता. पुतण्याकडे तीन दिवस उतरले होते आणि स्टुडिओत येऊन जाऊ का म्हणून विचारत होते. मी कामात आहे म्हणून सांगितलं होतं. काम म्हणजे त्यांचेच शब्द जोडणं.

“डोळ्यांना आलो होतो, खरं आहे,” अण्णा सावकाश म्हणाले. “डोळ्यांत ते औषध घातलं होतं. पुतण्या ऑफिसला गेला होता... पण स्टुडिओत?”

“दुपारचे येत होतात. रिक्षानं. औषधामुळं उजेड सहन होत नव्हता तुम्हाला, म्हणून मी आतला दिवा बारीक केला होता. खाकी शाल होती तुमच्या अंगावर.”

हे सगळं मला कुणी शिकवलं नव्हतं. पराग एवढंच म्हणाले होते की सही आण. दिवा, शाल, रिक्षा हे मी तिथं बसल्या बसल्या रचलं. एकदा सुरू केल्यावर ते आपसूक जुळत गेलं.

“शाल,” अण्णा म्हणाले. खुंटीला एक खाकी शाल लटकत होती. माझ्या समोरच. तिच्याकडे त्यांनी बघितलं. “आणि मी असं म्हटलं? तू काही बोलली नाहीस?”

“तुम्ही दमला होतात, अण्णा. मला कसं सांगणार?”

त्यांनी मान हलवली. रागावून नाही. एखाद्या माणसानं आपली चूक काढावी आणि ती आपल्याला पटावी, तशी. कागद मांडीवर घेतला, फुलीच्या जागी सही केली. आधी चार ओळी खणखणीत वाचणाऱ्या माणसानं उरलेले तीन कागद न वाचता सह्या करून माझ्या हातात दिले. मग “आलोच” म्हणून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

काकूंनी भडंग आणि चहा आणला. “गेले कुठं हे?”

तेवढ्यात आतून अण्णांचा फोनवरचा आवाज आला. आवाज हळू होता, पण त्यांचा हळू आवाजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. “नाही, तब्येत ठीक आहे... नाही हो, तारीख पुढं नका ढकलू. रद्दच करा. मला नाही जमायचं... लोकांसमोर फजिती नको. मी म्हणतोय ना, रद्द करा.”

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. त्या माझ्याकडे वळल्या. “काय झालं गं? तू काय बोललीस का?”

“नाही काकू. आम्ही गेम बघत होतो.”

त्या खुर्चीवर टेकल्या. “येत्या वीस तारखेला यांचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम आहे. एकपात्री. यांनीच लिहिलंय, यांच्या गुरुजींवर. दीड तासाचं आहे, सगळं तोंडपाठ. वर्षभर रोज पहाटे गच्चीवर म्हणताहेत.” त्यांनी आवाज उतरवला. “यांच्या थोरल्या भावाचं तुला माहीत नसेल. बापूभाऊजी. त्यांना विसरण्याचा आजार झाला. शेवटी पोटच्या पोरीला कोण तुम्ही, कुठल्या, म्हणून विचारायचे. तेव्हापासून यांनी धसका घेतलाय. किल्ली सापडली नाही तरी घाम फुटतो. आता कुठं त्या कार्यक्रमामुळं सावरले होते. म्हणायचे, दीड तास डोक्यात राहतोय ना, मग मी शाबूत आहे.”

मी भडंगाचा घास घेतला होता. बशी खाली ठेवली.

हे मला आधी माहीत असतं तर मी खोटं बोलले नसते, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. पण माहीत झाल्यावर तरी मी काय केलं? काकू समोर होत्या. अण्णा दाराआड होते. दार नुसतं लोटलेलं होतं. मी चहा संपवला, लॅपटॉपची वायर गुंडाळली, कागद पिशवीत घातले आणि म्हणाले, “काकू, तीनची बस आहे. अण्णांना सांगा, निघाले म्हणून.”

अण्णा बाहेर आले. फाटकापर्यंत पोचवायला आले. ही त्यांची रीत होती, पाहुणा कितीही लहान असो.

“आश्लेषा, एक विचारू? त्या तीन दिवसांत आणखी काही... म्हणजे वाक्यं विसरत होतो का मी? नावं वगैरे?”

“नाही अण्णा.”

“तेव्हाच बोलली असतीस तरी चाललं असतं. तू सांभाळून घेतलंस.” आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रिक्षात बसल्यावर स्टँड येईपर्यंत मी दोनदा ड्रायव्हरला “थांबा” म्हणायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यानं आरशात बघितलं.

गेम ठरलेल्या दिवशी आला. लोकांनी त्याचे वाभाडे काढले आणि ते बरोबरच होतं. दगडात बुडणारे पाय, आभाळात उघडणारं दार, यांचे तुकडे लोकांनी एकमेकांना पाठवले. सगळ्यात जास्त फिरला तो खंडेरावाच्या मरणाचा प्रसंग. त्याला पोरांनी बाजाराच्या पिशवीची चित्रं जोडली. “म्हाताऱ्याला आता जमत नाही,” असं कुणीतरी लिहिलं होतं आणि त्याखाली हजारभर माणसांनी दाद दिली होती. ऑफिसात ते वाचून दाखवलं गेलं. लोक हसले. मीही हसले.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. “कामात आहेस का गं? एवढंच विचारायचं होतं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. म्हणतात, काही झालेलं नाही, खणखणीत आहेत. पण यांचं एकच. मी तीन दिवस स्टुडिओत होतो आणि त्यातलं मला काहीसुद्धा आठवत नाही, ते कसं? डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी बरोबर कोण होतं त्यांना विचारा. तू होतीस ना? कसे होते गं हे? नीट आठवून सांग.”

परागची काचेची खोली माझ्या समोर होती. ते फोनवर कुणाशी तरी बोलत होते, माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्या वेळी मला अडवणारं कुणीच नव्हतं.

“थोडे हरवल्यासारखे होते, काकू,” मी म्हणाले.

मग काकू म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस.”

त्यानंतर नऊ महिने गेले. पाचव्या ‘दुर्गपाल’ची तयारी सुरू झाली. मुदत साडेतीन महिने. पराग म्हणाले, “खंडेराव हवाच. मेला असला तरी सूर्याच्या आठवणीत बोलेल. तुझ्याकडे सगळं आहेच.” मी कपाटातून जुन्या ध्वनिमुद्रणाच्या डिस्क काढल्या आणि या खेपेला जरा बरे शब्द मिळतात का बघावं म्हणून पहिल्या गेमचं न कापलेलं मुद्रण लावलं. वाक्यांच्या मधलं सगळं त्यात होतं. खोकला, पाण्याचं भांडं, कागदांची सळसळ. एका ठिकाणी अण्णा म्हणत होते, “नाही, नाही जमलं. परत घेऊ. पोरं ऐकणार आहेत, त्यांना कळतं सगळं.” आणि माझा चोवीस वर्षांचा आवाज म्हणत होता, “अण्णा, छान झालंय की!” आणि ते म्हणत होते, “छान झालंय म्हणू नकोस. खरं झालंय का ते सांग.”

मी हेडफोन काढून ठेवले. पुढच्या रविवारी सांगलीला गेले.

अण्णा ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, आणि मग हळूच म्हणाले, “आश्लेषा. पुण्याहून. बरोबर?”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलले नसते. तुम्ही फेब्रुवारीत स्टुडिओत आला नव्हतात. एक दिवससुद्धा नाही. ते शब्द जुन्या गेममधले होते आणि मी जोडले होते. दिवा, शाल, सगळं मी रचलेलं होतं. काकूंना फोनवर सांगितलं तेही खोटं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे मला बोलून संपल्यावर कळलं.

अण्णांनी खुर्चीचा हात धरला. “आलो नव्हतो?”

“नाही.”

“एकदासुद्धा नाही?”

“नाही, अण्णा.”

मला वाटलं होतं, ते मारतील, निदान हाकलून देतील. ते हसले. अगदी मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “इंदू, ऐकलंस? मी गेलोच नव्हतो! अगं, जे झालंच नाही ते आठवणार कसं? म्हणजे मी ठीक आहे! मी तुला म्हणत होतो, मला आठवत नाही म्हणून, आणि मला आठवत नव्हतं तेच बरोबर होतं!” ते ओसरीभर फिरू लागले. “भले! आश्लेषा, फार बरं केलंस सांगितलंस. फार उपकार झाले.”

उपकार. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी वापरला.

मग ते एकदम थांबले, ओसरीच्या खांबाशी उभे राहिले, हात मागं बांधले आणि त्यांनी एकपात्रीची सुरुवात केली. वर्षभर तोंडातून न काढलेली. गुरुजींच्या घराचा उंबरा, गुरुजींची काठी, पहिल्या दिवशी खाल्लेला मार. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. दहा-बारा मिनिटं ते बोलत होते. सगळं जिथल्या तिथं होतं.

फक्त आवाज नव्हता.

माझं कामच ऐकण्याचं. खालचा जो भरीव सूर होता, ज्याच्यावर अण्णांची सगळी वाक्यं उभी राहायची, तो गेला होता. लांब वाक्याच्या शेवटी श्वास पुरत नव्हता. दोन ठिकाणी स्वर फाटला. वर्षभर गप्प राहिलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाचा आवाज होता तो.

“शब्द सगळे आहेत!” अण्णा म्हणाले. कपाळावर घाम आला होता. “बघितलंस? एकही सुटला नाही. आवाज कसा वाटला? तुझे कान तयार आहेत, सांग.”

काकू माझ्याकडेच बघत होत्या.

“बसलाय, अण्णा,” मी म्हणाले. “खालची पट्टी राहिलेली नाही. श्वासही कमी पडतोय.”

ते खुर्चीत बसले. घोटभर पाणी प्यायले. “हं,” म्हणाले. “मलाही तसंच वाटलं.” आणि थोड्या वेळानं, “आता परत नाही यायचा तो. या वयात नाही येत.” त्यात तक्रार नव्हती. एखाद्या नटाबद्दल दुसऱ्या नटानं बोलावं, तसं ते बोलले.

मी निघाले तेव्हा ते उठू लागले. काकू म्हणाल्या, “तुम्ही बसा, मी जाते.” फाटकापर्यंत त्या माझ्यापुढं चालत होत्या. कडी काढून त्यांनी फाटक उघडलं आणि मी बाहेर पडल्यावर लावून घेतलं. मग गजांवर हात ठेवून त्या म्हणाल्या,

“तुम्हाला एक सांगते. वर्षभर रोज सकाळी उठले की आधी हे मला विचारायचे, आज कोणता वार. मी सांगायच्या आत स्वतःच सांगायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, बरोबर आहे का म्हणून. तीनशे दिवस. एकदासुद्धा वार चुकला नाही हो त्यांचा.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. आजवर त्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.